परतीचा डबा

सखूबाई आज काय जेवली असेल, हा विचार काही दिवसांपासून सत्यभामाच्या मनात ठाण मांडून बसला होता. कुकरची शिट्टी झाली की तो डोकं वर काढायचा. ताट वाढून घेतलं की घास हातातच थांबायचा. लेक निकिता पुण्याला शिकायला गेली तेव्हा पहिलं वर्षभर सत्यभामाचं असंच व्हायचं. पण ती पोटची पोर. सखूबाई ना नात्याची ना गोत्याची. नळदुर्गात बोरी नदीच्या अंगाला दोन खणांच्या घरात एकटी राहणारी सत्तरीतली म्हातारी. तिच्या पोटाची काळजी आपल्या घशाशी का यावी, हे सत्यभामाला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण आली होती खरी.

सखूबाईचं माहेर तामलवाडीच्या पलीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपण मेंढरांमागं गेलं, लग्न झालं, एक लेक झाली आणि नवरा तापानं गेला. मग ती हायवेवरच्या ढाब्यावर भाकरी थापायला लागली. सोलापूरहून हैदराबादकडं आणि हैदराबादहून सोलापूरकडं जाणारे ट्रकवाले तिथं थांबायचे. काही ड्रायव्हर तर उतरण्याआधी केबिनमधूनच ओरडायचे, "मावशी आहे का? नसली तर पुढं जातो!" ढाब्याचा मालक त्यावर चिडायचा. "ढाबा माझा का हिचा?" म्हणायचा. सखूबाई परातीतून मान वर न करता म्हणायची, "ढाबा तुजा, भूक त्यांची. मदी म्या."

पुढं रस्ता रुंद झाला, गाड्या लांबून जायला लागल्या, ढाबा बंद पडला. त्यानंतर एकदा न्हाणीत पाय घसरून ती पडली आणि उजवा खांदा निकामी झाला. हात डोक्याच्या वर जाईना, भाकरी थापणं तर लांबच. वाशीला दिलेली लेक येऊन तिला घेऊन गेली. सखूबाई कशीबशी आठवडाभर राहिली आणि एस.टी.त बसून परत आली. लोकांनी विचारलं तर म्हणाली, "लेक गुणाची हाय, जावई बी वंगाळ न्हाय. पर लेकीच्या घरात खाऊन ऱ्हायचं आन् तिच्या सासूनं ताट वाढायचं, हे काय मला गिळंना."

तेव्हापासून तिचं नाव धान्य बँकेच्या डब्यांच्या यादीत आलं.

धान्य बँक म्हणजे काही मोठा पसारा नव्हता. गल्लीतल्या बायकांनी स्वयंपाकाला पीठ-तांदूळ काढताना एक मूठ बाजूला टाकायची, आठवडी बाजाराच्या दिवशी ती आणून बाजारतळाजवळच्या खोलीत ओतायची. सुगीत शेतकऱ्यांकडून ज्वारी, तूर यायची. त्यातून दोघी-तिघी आळीपाळीनं स्वयंपाक करायच्या आणि गावातल्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दुपारचा डबा जायचा. नवरा गेल्यापासून सत्यभामा या खोलीचं सगळं बघायची. बी.ए. झालेली, हिशेबाला पक्की, आणि खरं सांगायचं तर घरी थांबून करायला काही नव्हतं. डबे पोचवायचं काम शरणप्पाचं. त्याची रिक्षा होती आणि तोंडाला फाटक नव्हतं.

स्टीलचे दोन पुडांचे डबे दुपारी जायचे, संध्याकाळी परत यायचे. बहुतेक डबे धुवून यायचे, काही न धुताच. पण सखूबाईचा डबा कधी रिकामा आला नाही. भरून आलेलं भांडं रिकामं परतवू नये, हे आपल्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही. बघून बघून अंगात भिनतं. कधी कढीपत्त्याची डहाळी असायची. कधी नदीकाठची पाथरीची कोवळी पानं, कधी चार चिंचा, वाळवलेली बोरं, शेजारच्या वेलावरची दोन दोडकी. काहीच नसेल तर चिमूटभर साखर. आणि डब्याबरोबर निरोप.

"ताई," शरणप्पा रिक्षातूनच सांगायचा, "आजी इचारायली, आज मीठ तुळजापूरला दर्शनाला गेलतं का?"

किंवा, "आजी म्हणली, भाकरी कुणी केली तिला सांग, भाकरीला पदर सुटावा लागतो, हिला नुसता नवरा सोडंल."

बायका हसायच्या. सत्यभामाही हसायची. डबा धुवायला टाकण्याआधी ती सखूबाईचा डबा आधी उघडून बघायची, आणि त्या चिंचा, ती पानं पदरात घेऊन घरी जायची. रात्रीच्या एकटीच्या जेवणात ती पानं मिठाशी खाताना तिला वाटायचं, आपल्यालाही कुणाकडून तरी डबा आलाय.

मग कंपनी आली.

शिकून झाल्यावर निकिता नोकरीला लागली होती तीच. पुण्यातलं मोठं ऑफिस. गावोगावी मदत करायला तिची एक वेगळी संस्था होती. नोकरी करणाऱ्या पोरांनी सुट्टी काढून अशा कामाला जायचं, अशी पद्धत. निकितानं ऑफिसात आईच्या धान्य बँकेबद्दल सांगितलं आणि एका शनिवारी बस भरून पोरं-पोरी नळदुर्गात उतरली. सगळ्यांच्या अंगात सारखे नारिंगी टी-शर्ट. पोरं गुणाची होती, याबद्दल वादच नाही. त्यांनी खोली रंगवली, उंदरांनी पोखरलेलं लाकूड काढून लोखंडी मांडण्या बसवल्या, झाकणाच्या कोठ्या आणल्या, फ्रीज दिला. एका पोरीच्या हाताला पोती ओढून फोड आले, तरी ती थांबली नाही. शरणप्पा सत्यभामाच्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, ही लेकरं घरी आईला गिलासभर पाणी देत नसतील, पर हितं बघा कशी राबायलीत." सत्यभामानं डोळे वटारले, कारण निकिता मागंच उभी होती आणि तिच्याही अंगात नारिंगीच टी-शर्ट होता.

पुढच्या खेपेला कंपनीनं सुचवलं की शिजवलेल्या डब्याऐवजी महिन्याची बंद पेटी द्यावी. कणीक, डाळ, तेल, गूळ, पोहे, बिस्किटं, सगळं सीलबंद. शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात कुणाला बाधलं तर जबाबदारी कोणाची, असं त्यांचं म्हणणं. ते काही चूक नव्हतं. शिवाय पेटी जास्त लोकांना देता येणार होती. नदीपलीकडच्या वस्तीतलीही घरं त्यात येणार होती. आणि ऐन चैत्रात चुलीपुढं बसून बायकाही घायकुतीला आल्या होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. सत्यभामानंही.

पेट्या वाटायच्या दिवशी मंदिराच्या सभामंडपात सतरंज्या घातल्या. नारिंगी पोरं एकेकाला हाताला धरून आणत होती, खुर्चीवर बसवत होती, पेटी देऊन वाकून नमस्कार करत होती. म्हातारी माणसं खूश होती. एक आजोबा तर फोटोसाठी दोनदा उठून उभे राहिले.

सखूबाईचं नाव आलं. ती धुवट लुगडं नेसून आली होती आणि तिच्या पदरात काहीतरी गाठोडं होतं. पेटी द्यायला निकिताच उभी होती. सखूबाईनं पेटी बाजूला ठेवायला लावली, पदराची गाठ सोडली आणि मूठभर भाजलेल्या शेंगा निकिताच्या हातात द्यायला पुढं केल्या.

निकिता हसली. तिनं दोन्ही हात जोडले. "नाही आजी, आम्हाला काही घेता येत नाही. नियम आहे आमचा. हे तुमच्यासाठी आहे, अगदी फुकट. तुम्ही काही द्यायचं नाही."

"अगं, शेंगा हायत्या. भाजून आणल्यात."

"तुम्ही खा ना आजी. तुम्हाला ताकद पाहिजे." आणि तिनं प्रेमानं सखूबाईची मूठ मिटवून परत तिच्याच पदराकडं वळवली.

ज्याला द्यायचं त्याच्याकडून काहीही घ्यायचं नाही, हा कंपनीचा नियम. कुणी लाच म्हणू नये, कुणी गरिबाकडून उकळलं म्हणू नये, म्हणून केलेला. पुण्यात तो चांगलाच नियम असेल. सत्यभामा खांबाशी उभी राहून हे बघत होती. तिला वाटलं, पुढं व्हावं, ओंजळ पसरावी, म्हणावं, मावशी, मला द्या. पण पुढचं नाव पुकारलं गेलं, कुणीतरी तिला पेट्या उतरून घ्यायला हाक मारली, आणि सखूबाईची मूठ तशीच मिटलेली राहिली.

त्यानंतर परतीचे डबे थांबले, निरोपही थांबले. शरणप्पा महिन्यातून एकदा पेट्या पोचवायला जायचा. दुसऱ्या महिन्याच्या पेट्या पोचवून आल्यावर तो नेहमीसारखा बडबडला नाही. रिक्षा बंद करून पायरीवर बसला.

"ताई, आजीचं काय खरं दिसंना."

"का? बरं नाही?"

"तसं न्हाय. पूर्वी म्या गेलो की सोडायची न्हाय मला. शिळी का असंना, डब्यातली चतकोर भाकर हातावर ठेवायचीच. म्हणायची, पाव्हणा उपाशी गेला तर रांजणाला तडा जातो. आता दारातूनच म्हणते, ठेव तितं, जा. आत ये म्हणत न्हाय."

"घाईत असेल."

"घाई?" शरणप्पानं तिच्याकडं बघितलं. "तिला कशाची आलीय घाई?"

दुसऱ्या दिवशी सत्यभामा स्वतः गेली. सखूबाई उंबऱ्यात बसली होती. हातातल्या बांगड्या मनगटावरून घसरून कोपराकडं जात होत्या. आत चूल सारवलेली, कोरडी ठाक. खाटेखाली दोन्ही पेट्या एकावर एक ठेवलेल्या, वरच्या पट्ट्या जशाच्या तशा चिकटवलेल्या.

"मावशी, पेट्या उघडल्या नाहीत?"

"उघडीन की. पळून चालल्यात व्हय?"

"मग खाता काय?"

"रेशनचे तांदूळ हायत. चार दाणे टाकते. एकल्या जिवाला किती लागतंय? शेजारीण देती कधी कायबाय." ती हसली. "तू काय तपास करायला आलीस? पोलिसात लागलीस का?"

"तपास कशाचा. दिसायला बघा कशा झालाय तुम्ही."

"म्या पैलवान कवा होते?"

सत्यभामानं खाली बसून एका पेटीची पट्टी नखानं उचकटायला सुरुवात केली. सखूबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. जोर नव्हता त्या हातात, पण सत्यभामा थांबली.

"ऱ्हाऊ दे," सखूबाई म्हणाली. मग नदीकडं बघत बोलायला लागली. "तुमचा डबा यायचा ना, तवा वाटायचं कुणाच्या तरी घरून आलाय. कुणीतरी माज्यासाठी जास्तीची भाकर टाकलीय. मीठ कमी, तिखट जास्त, पर हाताचं. त्येला परतायला म्या सकाळपासून काय तरी हुडकायची. नदीवर जायची, त्या निमतानं चार बाया भेटायच्या. आता हे." तिनं पेटीकडं हनुवटी केली. "हे दुकानातून आल्यावाणी वाटतंय. दुकानाला कुणी परत काय देतं व्हय?"

"पण मावशी, ते तुमच्या हक्काचं…"

"भिकेला म्या नाक मुरडत न्हाय, सत्यभामे. रांगंत उभी ऱ्हायले की. पर त्या पोरीनं माजी मूठ मिटवली बघ. गोड बोलून मिटवली. लेकराचा काय दोष न्हाय." तिनं पदर सारखा केला. "चाय ठिवू का? दूध न्हाय पर."

"नको मावशी. आत्ताच घेऊन आले."

"व्हय तर. तुमी समदे घेऊनच येता."

सत्यभामा ते बोलणं पायात काटा मोडल्यासारखं घेऊन घरी आली.

रविवारी निकिताचा फोन आला. मंदिरातल्या कार्यक्रमाचे फोटो ऑफिसात सगळ्यांना फार आवडले होते, आणखी असतील तर पाठव म्हणत होती. सत्यभामानं सखूबाईचं सगळं सांगितलं.

"आई, मला वाईट वाटलं ऐकून. पण एका आजींसाठी सगळी पद्धत नाही ना बदलता येत. बाकीचे तर खूश आहेत. तूच म्हणालीस, नदीपलीकडच्या घरांना पहिल्यांदा काहीतरी मिळालं."

"हो, ते खरं आहे."

"मग तू आजींना समजाव ना. तुझं ऐकतील."

"ऐकत नाहीत गं." आणि मग सवयीनं, "तू काय जेवलीस?"

"मागवलंय. येईल आता."

"एकटीच आहेस? ती तुझी रूममेट?"

"तिची नाईट असते आई. किती वेळा सांगितलं." फोनमध्ये दाराची बेल वाजली. "आलं बघ. ठेवते हं."

फोन ठेवल्यावर सत्यभामाला दिसलं, पुण्यातल्या त्या खोलीत पोरगी खोक्याची पट्टी फाडत बसली असेल. समोर मोबाईल टेकवून, त्याच्याकडं बघत. काळजी मग दोन तोंडांनी खायला लागली.

तिनं ठरवलं, आपण आपला एक डबा सुरू करायचा. घरचा. कंपनीचा नाही, खोलीचा नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ज्वारीच्या भाकरी केल्या, भाकरीशी खायला तुरीच्या डाळीचं पातळ कोरड्यास केलं, लाल मिरचीचा ठेचा घातला. कपाटावरचा जुना दोन पुडांचा डबा काढून घासला आणि शरणप्पाच्या हाती दिला. "बाकी काही बोलू नको. फक्त दे," तिनं बजावलं.

दिवसभर तिला हलकं वाटत होतं. दिवेलागणीला रिक्षाचा आवाज आला तेव्हा ती दारातच उभी होती. शरणप्पानं डबा पुढं केला. हातात घेताच तिला कळलं. जड होता.

"काय दिलंय आजीनं?"

शरणप्पा खाली बघत होता. "ताई, म्या लई सांगून बघितलं."

तिनं झाकण काढलं. भाकरी तशाच घडी घातलेल्या. कोरड्यास तसंच. ठेच्याला बोटही लागलेलं नव्हतं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, बाकीच्यांचे डबे बंद झाले, मग माजाच कशाला? म्या त्यांच्यापरीस जास्ती गरीब हाय का? आन् म्हणल्या, रिकामा धाडला न्हाय म्हणून सांग ताईला."

शरणप्पा एरवी असा निरोप देऊन खो खो हसला असता. आज त्यानं रिक्षा ढकलतच वळवली आणि तो गेला.

सत्यभामानं डबा ओट्यावर ठेवला. पलीकडच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी पोराला अभ्यासाला बस म्हणून ओरडत होतं. तिनं ताट घेतलं आणि त्यातलीच एक भाकरी वाढून घेतली. सकाळची भाकरी वाळून कडक झाली होती. कोरड्यासात बुडवून तिनं दोन घास खाल्ले. ठेचा चांगला झाला होता. तो चांगला झालाय, हे सांगायला घरात कुणी नव्हतं, आणि वाईट झालाय म्हणून टोमणा मारणारी जी एक होती तिनं तो चाखलाही नव्हता.

आता काय? जबरदस्तीनं भरवायचं? वाशीच्या लेकीला कळवायचं? लेक येईल, रडेल, आईला घेऊन जाईल, आणि आई पुन्हा एस.टी.त बसेल. कंपनीला सांगून नियम बदलायचा? बदलेलही कधीतरी, निकिता मनावर घेईल. पण तोवर ती कोपराकडं घसरणारी बांगडी थांबणार नव्हती.

तिला सखूबाईचं बोलणं आठवत राहिलं. तुमी समदे घेऊनच येता. खरंच होतं. सत्यभामा तिच्या घरी किती वेळा गेली असेल. प्रत्येक वेळी जेवून गेली, चहा घेऊन गेली, हातात काहीतरी पिशवी घेऊन गेली. वडीलधाऱ्यांकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, हे तिला आईनं शिकवलं होतं. त्या घरातला घास तिच्या पोटात कधी गेलाच नव्हता. आणि शरणप्पा, जो जाता-येता चतकोर भाकर मिटक्या मारत खायचा, तोच एकटा त्या घरी पाहुणा होता. आता तोही दारातून परततो, कारण पाहुण्यापुढं ठेवायला चुलीवर काही नसतं.

सखूबाई स्वतःसाठी पेटी उघडणार नाही. सत्यभामानं दहा वेळा विनवलं तरी नाही. पण उद्या कुणी जेवायला येतो म्हणून सांगितलं, तर? त्या बाईनं उभं आयुष्य भुकेल्या माणसाला परत पाठवलं नव्हतं. ती खाटेखालची पेटी ओढेल. दातांनी पट्टी तोडेल. खांदा दुखतो म्हणून शिव्या देईल आणि डाळ चढवेल. पाहुण्याला एकटं जेवायला बसवत नाहीत, म्हणून आपलंही ताट घेईल.

किंवा म्हणेल, येऊ नको. घरात काही नाही. तेही ती म्हणू शकत होती. ते ऐकण्याचीच सत्यभामाला जास्त भीती वाटत होती.

तिनं ताटातला घास तसाच ठेवला, हात धुतला, पदराला पुसला. उद्या जायचं. पिशवी न घेता, डबा न घेता, सकाळपासून काही न खाता जायचं. पोटात भूक खरी पाहिजे. खोटी भूक त्या म्हातारीनं ढाब्यावर फार बघितली होती. कणीक मळायला हात लावू देईल का ते तिथं गेल्यावर बघू.

निकिताला नंतर फोन करता येईल. आधी सखूबाईला.

सखूबाईकडं लेकीनं दिलेला बटणांचा छोटा फोन होता. तो ती खुंटीला पिशवीत अडकवून ठेवायची आणि वाजला तरी लवकर उचलायची नाही. सत्यभामानं नंबर काढला. काय बोलायचं ते एकदा मनात म्हणून बघितलं: मावशी, उद्या दुपारी तुमच्याकडं जेवायला येणार आहे. एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय मला.

दुसरं वाक्य बनवायला तिला काही कष्ट पडले नव्हते. तिनं बटण दाबलं आणि फोन कानाशी धरला.